आईवडिलांसाठी टीव्ही घेताय? आधी टेप घेऊन अंतर मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं की तुम्ही पुण्यात नोकरीला, आईवडील कराडला, त्यांचा दहा वर्षं जुना ३२ इंची टीव्ही गेला आणि बजेट आहे ४० हजार. एका नव्या कंपनीचा ५५ इंची फोरके क्यूएलईडी ऑनलाइन ३३ हजारांत दिसतोय आणि नावाजलेल्या कंपनीचा ४३ इंची साधा फोरके दुकानात ३० च्या आसपास मिळतोय. वडील दिवसभर बातम्या आणि मॅच, आई संध्याकाळी सिरियल, डीटीएच जुनंच, आणि तुम्ही सणाला गेलात की ओटीटीवर पिक्चर. मित्र म्हणतात पैसे तेवढेच जातायत तर मोठाच घे.

मी सांगलीत २६ वर्षं टीव्ही रिपेअरिंग करतोय, पिक्चर ट्यूबच्या काळापासून. विकत नाही, फक्त दुरुस्त करतो, त्यामुळे कुठला सेट किती वर्षांनी आणि कशामुळे टेबलावर येतो हे रोज बघतो. त्यावरून सांगतो की तुमचा प्रश्न ४३ की ५५ हा नाहीच. त्या घरात टीव्हीला सिग्नल कुठला मिळतोय, बघणारे किती लांब बसतात, आणि तुम्ही पुण्यात असताना टीव्ही बंद पडला तर कराडमध्ये कोण येणार, हे तीन प्रश्न आहेत, आणि यातल्या दोघांची उत्तरं तुम्ही लिहिलेलीच नाहीत. म्हणून थोडं लांबलचक लिहावं लागेल.

आधी सिग्नलचं बघू, कारण सगळ्यात जास्त निराशा इथंच होते. जुना डीटीएच बॉक्स म्हणजे बहुतेक एसडी, म्हणजे जुन्या पद्धतीचं कमी ठिपक्यांचं चित्र देणारा असणार. एसडी चित्र म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, गुणाकार केला तर सव्वाचार लाखांच्या आत. फोरके टीव्हीचा पडदा ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके. एका भाकरीच्या पिठात वीस भाकऱ्या थापायच्या असा हा प्रकार आहे. टीव्हीतली चिप मधले ठिपके अंदाजाने भरते आणि चित्र पसरट, पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. ३२ इंचीवर जे चित्र वडिलांना स्वच्छ वाटत होतं तेच ५५ वर गढूळ दिसणार, आणि पहिल्याच दिवशी फोन येणार की अरे जुनाच बरा होता. असे फोन मला दर दिवाळीनंतर येतात. लोक म्हणतात पॅनल खराब निघालं, मी जाऊन बघतो तर पॅनल उत्तम असतं, आत येणारं चित्रच कमी असतं.

यात अजून एक गोष्ट. पुष्कळ घरांत बॉक्स एचडी, म्हणजे जास्त ठिपक्यांचं स्वच्छ चित्र देणारा असतो, पॅकही एचडीचं चालू असतं, पण मागे वायर लावलेली असते ती पिवळी-लाल-पांढऱ्या पिनांची. त्या वायरीतून एचडी जातच नाही. मागच्या वर्षी मिरजेत एका आजोबांकडे गेलो, नवा ५० इंची टीव्ही कंपनीकडून बदलून घ्यायच्या तयारीत होते, मी फक्त एचडीएमआय केबल लावली आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० म्हणजे फुल एचडी केलं, बास. त्यामुळे कराडला फोन करून आधी विचारा की बॉक्सवर एचडी लिहिलंय का आणि मागे वायर कुठली आहे. एसडी असेल तर एचडी बॉक्सचे दीड-दोन हजार बजेटमध्ये आत्ताच धरा, नंतर बघू म्हटलं की ते राहूनच जातं. आईच्या सिरियलवाले मोठे मराठी चॅनल एचडीत येतात, मॅचही येते. मराठी बातम्यांचे चॅनल मात्र बहुतेक एसडीतच येतात, आणि वडील तेच दिवसभर बघणार, हे लक्षात ठेवून साइज ठरवायची.

आता अंतर. तुम्ही हॉल १० बाय १४ लिहिलाय पण टीव्ही कुठल्या भिंतीवर आणि वडील कुठं बसतात ते लिहिलं नाही. १० फुटाच्या बाजूने समोरासमोर असेल तर सोफ्याची जाडी आणि पाठ धरून डोळ्यापासून पडदा साडेसात-आठ फुटांवर येतो, लांबीच्या बाजूने असेल तर अकरा-बारा फुटांवर. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझा वापरातला हिशोब सांगतो. टीव्हीच्या इंचाला दीडने गुणलं की एचडी आणि त्यावरच्या चित्रासाठी बरं अंतर मिळतं, आणि अडीचने गुणलं की एसडी खपून जाईल असं अंतर. ४३ इंचीला एचडीसाठी साडेपाच फूट आणि एसडीसाठी नऊ फूट, ५५ ला एचडीसाठी सात फूट आणि एसडीसाठी साडेअकरा. म्हणजे आठ फुटांवर बसून एचडी मॅच बघायला ५५ अजिबात मोठा नाही, डोळे बिघडतात वगैरे काही नाही, पण त्याच जागी एसडी बातम्या बघायला ५५ जाचक होतो. ४३ तिथं जवळपास चालून जातो.

फोरकेचंही अंतराशीच नातं आहे. ४३ इंची पडदा साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडून बघितला तर फुल एचडी आणि फोरके यातला फरक चांगल्या नजरेच्या माणसालाही ओळखता येत नाही, सत्तरीच्या डोळ्यांचं तर सोडाच. तरी मी ४३ मध्ये फोरकेच घ्या म्हणतो, कारण आता या साइजमध्ये फुल एचडी सेट फक्त स्वस्तात बसवायला बनवतात, बोर्ड आणि बॅकलाइट दोन्ही हलके टाकतात.

क्यूएलईडी या शब्दावर थोडं थांबतो कारण तुमचा अर्धा मोह तिथंच आहे. क्यूएलईडी म्हणजे वेगळ्या जातीचा पडदा नाही. साधा एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीची काच आणि मागे एलईडीचा उजेड. क्यूएलईडीमध्ये त्या दोघांच्या मध्ये क्वांटम डॉटची एक फिल्म असते, तिच्यामुळे लाल आणि हिरवा जास्त शुद्ध दिसतो. फिल्म खरी असते, फायदाही खरा असतो, पण मागचा उजेड दमदार असेल तरच तो दिसतो. स्वस्तातल्या सेटमध्ये उजेड अडीचशे-तीनशे निट्सच असतो (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप), मग खोक्यावर क्यूएलईडी लिहा नाहीतर एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) लिहा, दिवसा खिडकी उघडी असताना चित्र फिकटच दिसतं. एचडीआर सपोर्टेड याचा अर्थ तो सिग्नल टीव्ही स्वीकारतो एवढाच, दाखवू शकतो असा नाही. ओएलईडी तुमच्या बजेटमध्ये नाही, आणि असता तरी या घरासाठी नको म्हटलं असतं, कारण रोज दहा तास एकाच जागी चॅनलचा लोगो आणि खालची लाल पट्टी राहिली तर तिचा डाग पडद्यावर कायमचा बसू शकतो. ओएलईडी पिक्चर बघणाऱ्याचा टीव्ही आहे.

कागदावरच्या आकड्यांपेक्षा तुमच्या घरात जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाजूने कसं दिसतं. वडील दिवाणावर आडवे होऊन बघणार, आई स्वयंपाकघराच्या दारातून. पॅनलच्या ढोबळ दोन जाती, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस बाजूने चांगलं दिसतं पण अंधारात काळा रंग राखाडी वाटतो. व्हीएचा काळा गडद असतो पण बाजूला सरकलं की चेहरे पांढरट होतात. रात्री दिवे घालवून पिक्चर बघायचे असतील तर व्हीए, ट्यूबलाइट चालू ठेवून चार कोपऱ्यांतून घर बघणार असेल तर आयपीएस. तुमचं घर दुसऱ्या प्रकारचं वाटतंय. अडचण अशी की पॅनल कुठलं हे खोक्यावर लिहीत नाहीत आणि एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या बॅचला वेगळं पॅनल येतं. म्हणून दुकानात जाऊन उभे राहा, डेमोचे धबधबे आणि रंगीत पोपट बंद करायला सांगा, सेटटॉप बॉक्सवर एखादा मराठी बातम्यांचा चॅनल लावायला सांगा आणि मग समोरून, बाजूने, खाली बसून बघा. दुकानदार तयार होत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

लोकांना वाटतं मोठ्या कंपनीचं पॅनल त्यांचं स्वतःचं असतं. तसं राहिलेलं नाही. सॅमसंगने २०२२ मध्ये एलसीडी पॅनल बनवणं बंद केलं, आणि एलजीचा चीनमधला मोठा एलसीडी कारखानाही टीसीएलच्या पॅनल कंपनीकडे गेला. आता एलसीडीची काच बहुतेक सगळ्यांची चीनकडूनच येते. मग नावाचे पाच-सात हजार जास्त कशाचे द्यायचे? माझ्या मते सुट्या भागांचे आणि माणसाचे. माझ्याकडे छोट्या ब्रँडचा अडीच-तीन वर्षांचा सेट येतो, फक्त मदरबोर्ड गेलेला असतो, आणि तोच बोर्ड कुठंच मिळत नाही कारण कंपनीने ते मॉडेल सहा महिनेच विकलेलं असतं. दुसऱ्या पॅनलसाठीचं सॉफ्टवेअर टाकलं तर चित्र उलटं नाहीतर निगेटिव्ह येतं. चांगलं पॅनल भंगारात घालायला माणसाला सांगावं लागतं तेव्हा खरंच वाईट वाटतं. मोठ्या कंपनीचा बोर्ड पाच-सहा वर्षांनीही बहुतेक वेळा मिळतो.

याची परीक्षा घ्यायची सोपी रीत आहे. दोन्ही कंपन्यांच्या कस्टमर केअरला फोन लावा, कराडचा पिनकोड सांगा आणि विचारा की टेक्निशियन घरी येतो का, कुठून येतो, किती दिवसांत येतो. सातारा किंवा कराडमधलं सेंटर सांगितलं तर ठीक. सेट पॅक करून पुण्याला पाठवावा लागेल असं ऐकलं तर तो टीव्ही कितीही स्वस्त असला तरी तुमच्यासाठी नाही, कारण पॅक करून उचलणारे दोघं म्हातारे आहेत.

बिघाडांचं सांगायचं तर माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येतं ते म्हणजे आवाज येतो पण चित्र नाही. अंधारात पडद्यावर टॉर्च मारला की आत पुसटसं चित्र हलताना दिसतं. ही बॅकलाइट गेलेली असते. मागे एलईडीच्या पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात, एक एलईडी जाऊन जोडणी तुटली की अख्खी लाइन जाते. नवा टीव्ही बरेचदा भडक मोडवर असतो, बॅकलाइट शंभर टक्के, आणि लोक तसाच वर्षानुवर्षं चालवतात. पट्ट्या तापतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी जातात. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी होम मोड निवडा, पिक्चर मोड व्हिव्हिडवरून स्टँडर्डवर आणा आणि बॅकलाइट ६०-७० वर ठेवा. दोन दिवस मंद वाटेल मग डोळ्याला सवय होते, आणि पट्ट्यांचं आयुष्य नक्की वाढतं. दहा-बारा तास टीव्ही चालणाऱ्या घरात तर हे केलंच पाहिजे. पट्ट्या बदलता येतात, पण त्यासाठी काच उचलावी लागते आणि ५५ ची काच उचलताना फुटायची भीती ४३ पेक्षा कितीतरी जास्त असते, आणि पॅनल फुटलं की नव्या टीव्हीच्या निम्म्याहून जास्त पैसे जातात म्हणून कोणी बदलतच नाही. पडून-आपटून फुटलेलं पॅनल वॉरंटीत बसत नाही हेही माहीत असू द्या.

म्हणूनच एक्स्टेंडेड वॉरंटी मी सांगतो, पण कंपनीची स्वतःची, तिऱ्हाईताची नको. दोन-अडीच हजारांत दोन वर्षं वाढत असतील तर घ्या, फक्त त्यात पॅनल आणि बॅकलाइट दोन्ही आहेत का ते वाचून घ्या.

दुसरा ढीग येतो तो वळवाच्या पावसात. मे-जूनमध्ये ढग गडगडले की दुसऱ्या दिवशी दुकानात रांग. वीज बऱ्याचदा छत्रीच्या केबलमधून किंवा इंटरनेटच्या वायरीतून एचडीएमआयमार्गे बोर्डात शिरते, त्यामुळे नुसतं बटण बंद करून काही होत नाही. वडिलांना सांगून ठेवा की गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग, बॉक्सचा प्लग आणि बॉक्सची केबल तिन्ही काढायचं. स्टॅबिलायझर घ्यायचा का हे तिथल्या लाइटवर अवलंबून आहे. आताचे सप्लाय साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतात, कमी व्होल्टेजने त्यांना काही होत नाही. पण डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल वायर सुटून घरात जास्त व्होल्टेज यायचा प्रकार त्या भागात झाला असेल तर हाय-कट असलेला, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की सप्लाय तोडणारा स्टॅबिलायझर घ्या, नाहीतर चांगला स्पाइक गार्ड आणि नीट अर्थिंग पुरतं. छत्रीच्या वायरीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग आधी दुरुस्त करा, टीव्ही नंतर.

आवाजाचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तक्रार मात्र सगळ्यात आधी त्याचीच येते. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, आवाज भिंतीकडे आणि टेबलाकडे जातो. तरुणाला कळत नाही, पण वय झालेल्या माणसाला म्युझिक मोठं आणि बोलणं अस्पष्ट ऐकू येतं, मग ते आवाज वाढवत राहतात. चार-पाच हजारांचा साधा साउंडबार वडिलांना क्यूएलईडीपेक्षा कितीतरी जास्त सुख देईल. टीव्हीवर एचडीएमआय एआरसी लिहिलेल्या, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या जागी जोडा म्हणजे एकाच रिमोटने आवाज चालेल.

आणि रिमोट. स्मार्ट टीव्ही चालू केला की होम स्क्रीन येते, जाहिराती येतात, आणि आई म्हणते टीव्ही बिघडला. सेटिंगमध्ये बघा, बऱ्याच सेटमध्ये चालू केल्यावर थेट एचडीएमआयवर जायची सोय असते, ती करूनच पुण्याला परत या. रॅम दोन जीबी आणि स्टोरेज निदान आठ, शक्यतो सोळा. पण चांगलं पॅनल आणि चांगली सर्व्हिस असलेला सेट केवळ सॉफ्टवेअर थोडं हळू आहे म्हणून सोडू नका, तीन-चार वर्षांनी सगळेच हळू होतात आणि तेव्हा तीन-चार हजारांची ओटीटीची स्टिक एचडीएमआयला लावून काम भागतं.

जागेचंही बघा. ३२ इंची टीव्ही साधारण २८ इंच रुंद असतो. ४३ इंची ३८ इंच, ५० इंची ४४ आणि ५५ इंची साडेअठ्ठेचाळीस. जुन्या शोकेसच्या कप्प्यात ३२ नेमका बसलेला असतो आणि नवा कुठलाच बसत नाही. भिंतीवर लावणार असाल तर लोक फार वर लावतात, शोकेसच्याही वर, मग मान दुखते आणि व्हीए पॅनल असेल तर खालून चित्रही फिकट दिसतं. बसल्यावर डोळे पडद्याच्या मधोमध किंवा थोडे वर यावेत, म्हणजे पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. भिंत सिपोरेक्सची (हलक्या पोकळसर ठोकळ्यांची) किंवा जुन्या मातीची असेल तर साधे प्लास्टिकचे गिट्टे चालत नाहीत, फिटिंगवाल्याला आधी सांगा.

किमतीचं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे त्याआधीचे रिव्ह्यू आणि किमती धरून भाव करू नका. ऑनलाइन घ्या किंवा दुकानातून, मला दोन्ही सारखं, पण खोकं उभं आलं पाहिजे, आडवं झोपवून आणलेलं नको. आणि माणूस जायच्या आत टीव्ही चालू करून पूर्ण पांढरा, पूर्ण लाल आणि पूर्ण काळा पडदा लावून रेघ किंवा डाग नाही ना ते बघा. हे वडिलांना एकट्याला जमणार नाही, त्या दिवशी तुम्ही तिथं हवेत.

तर माझा कल असा. बसायचं अंतर आठ फुटांच्या आत असेल तर नावाजलेल्या कंपनीचा ४३ फोरके, त्याबरोबर एचडी बॉक्स, छोटा साउंडबार, स्पाइक गार्ड आणि एक्स्टेंडेड वॉरंटी. ३० चा सेट धरला तरी सगळं मिळून ४० च्या आसपास येतं, हजार-पाचशे इकडेतिकडे. अंतर नऊ ते अकरा असेल तर त्याच कंपनीचा ५० बघा, साउंडबार दोन महिन्यांनी घ्या, पण एचडी बॉक्स लगेच. तो ५५ मी फक्त एकाच स्थितीत घेईन, अंतर अकराच्या पुढं असेल आणि त्या कंपनीचा माणूस खरंच कराडमध्ये असेल तर.

अंतर मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका, वडील जिथं टेकून बसतात तिथून त्यांच्या डोळ्यापासून टेप धरायला सांगा. तो आकडा, बॉक्सच्या मागच्या वायरीचा फोटो आणि भिंत कसली आहे एवढं टाका, मग मॉडेलचं बोलू.